साखळीने मोजलेली अमेरिका आणि न मोजलेलं पाणी

गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. कोल्हापुरात प्लॉट बघत फिरणाऱ्या कुणालाही हे तोंडपाठ असतं. पण ३३च का? तीस का नाही, पस्तीस का नाही? याचं उत्तर मोजणीच्या साखळीत आहे. मुंबई इलाख्याच्या जुन्या मोजणीत ३३ फुटांची साखळी चालायची, तिचे सोळा भाग, म्हणजे सोळा आणे. साखळीचा चौरस म्हणजे गुंठा. ही साखळी इंग्रज गणिती एडमंड गुंटर याने १६२०च्या सुमारास आणलेल्या ६६ फुटी साखळीच्या बरोबर निम्मी. गुंटरची साखळी चौरस फिरवली की चार गुंठे भरतात, असे दहा चौरस म्हणजे एक एकर, आणि ऐंशी साखळ्या सरळ ओढल्या की एक मैल.

अटलांटिकच्या पलीकडे, ओहायो नदीपासून पॅसिफिकपर्यंत, अमेरिकेची पश्चिम याच साखळीने मोजली गेली. डोंगराळ भागासाठी तिथल्या सरकारी सूचनांमध्येही निम्मी, ३३ फुटांची, ५० कड्यांची साखळी सांगितली होती. पश्चिमेचा विस्तार म्हटलं की घोडे, बंदुका आणि कापडी टपाच्या गाड्या आठवतात. मला मात्र तो विषय समजायला लागला तो साखळी ओढणाऱ्या माणसांपासून. कुणाच्या नावावर किती जमीन, कोणत्या आकाराची, ओढ्यापासून किती लांब, हे त्यांच्या खुंट्यांनी ठरवलं. आणि एकोणिसाव्या शतकात त्या मुलुखात झालेल्या बऱ्याचशा हालांचं मूळही त्याच चौकोनात सापडतं.

नियम २० मे १७८५चा. नव्या देशावर स्वातंत्र्ययुद्धाचं कर्ज होतं आणि पैसा उभा करायला हाताशी जमीनच होती. जमीन विकायची तर आधी तिचा नकाशा आणि नंबर हवा. म्हणून ठरलं की सगळी सरकारी जमीन सहा मैल बाय सहा मैलांच्या चौकोनांत तोडायची. हा चौकोन म्हणजे टाउनशिप. तिचे ३६ तुकडे, प्रत्येक एक चौरस मैल, ६४० एकर. त्याला सेक्शन म्हणतात. सेक्शनची चौथाई म्हणजे क्वार्टर, १६० एकर, बाजू अर्धा मैल. क्वार्टरचीही चौथाई केली की ४० एकर, त्याला तिकडचा शेतकरी आजही नुसतं 'फोर्टी' म्हणतो. १६ नंबरचा सेक्शन शाळेसाठी राखीव. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला थॉमस हचिन्स याने ओहायो नदीच्या काठावरून पहिली साखळी पश्चिमेकडे ओढायला सुरुवात केली.

सेक्शनना नंबर देण्याची पद्धत १७९६मध्ये पक्की झाली. ईशान्य कोपऱ्यातून १ने सुरुवात, पश्चिमेकडे ६पर्यंत जायचं, खालच्या ओळीत ७ने पुन्हा पूर्वेकडे वळायचं. बैल तास संपलं की वळतात तसं. त्यामुळे ६ आणि ७ एकमेकांना चिकटून येतात, १ आणि १२ही. आपल्याकडचा गट नंबर पाहून जमीन कुठल्या दिशेला आहे हे कळत नाही, गावनकाशा उघडावाच लागतो. तिकडे नुसता पत्ता वाचला की कागदावर बोट ठेवता येतं: सेक्शन २६, टाउनशिप ४ उत्तर, रेंज ५ पूर्व, सहावा मुख्य रेखांश. म्हणजे त्या रेखांशापासून, मोजणीच्या मूळ उभ्या रेघेपासून, पूर्वेला पाचवी रांग आणि आधाररेषेपासून, मूळ आडव्या रेघेपासून, उत्तरेला चौथी. सहाव्या मुख्य रेखांशाची आधाररेषा ४० अंश उत्तर अक्षांशावर आहे, आणि तीच कॅन्सस आणि नेब्रास्का या राज्यांची हद्द.

आता प्रत्यक्ष मोजणी. एक भूमापक, साखळीला दोन माणसं, झाडं तोडायला एक कुऱ्हाडवाला, पुढे निशाण धरणारा एक. पुढच्या साखळीवाल्याकडे लोखंडी टाचण्या, सूचनांप्रमाणे अकरा, लांबी १४ इंचांपेक्षा जास्त नाही. साखळी ताणली की टाचणी रोवायची, मागचा ती उपटून घेत पुढे यायचा. मागच्याच्या हातात दहा जमल्या की दहा साखळ्या झाल्या, म्हणजे ६६० फूट. मग मोठ्याने पुकारा करून वहीत नोंद.

काम ऐकायला सोपं, बिघडायला त्याहून सोपं. गवतात एखादी टाचणी हरवली आणि लक्षात आलं नाही, तर मोजणी ६६ फुटांनी चुकते. दहाचा एक पुकारा विसरला तर ६६० फुटांनी. साखळीत शेकडो सांधे असतात, रोज ओढून प्रत्येक सांधा थोडा झिजतो आणि साखळी लांब होते. ६६ फुटांमागे इंचभर वाढली तरी मैलात ८० इंच, म्हणजे पावणेसात फुटांच्या जवळपास जमीन कागदाबाहेर राहते. म्हणून एक साखळी प्रमाण म्हणून बाजूला ठेवायची आणि कामाची साखळी तिच्याशी वरचेवर ताडून बघायची. चढावर साखळी जमिनीलगत टेकवली तर वेगळीच गडबड: ६६ फुटांत १० फूट चढ असेल तर आडवं अंतर जेमतेम ६५ फूट ३ इंच भरतं. तिथे साखळी छोटी घ्यायची, पाण्याच्या पातळीसारखी आडवी धरायची आणि ओळंब्याने खालची खूण पाडायची. आपल्याकडे शंकूसाखळीने मोजणी केलेल्या जुन्या भूकरमापकांना यातलं काहीच नवं वाटणार नाही.

दिशेचा प्रश्न साखळीहून अवघड. होकायंत्राची सुई भौगोलिक उत्तरेकडे बघत नाही आणि लोखंडाची खाण जवळ असेल तर भलतीकडेच वळते. १८४४मध्ये मिशिगनमध्ये विल्यम ऑस्टिन बर्ट याच्या तुकडीला सुई अशी बहकलेली दिसली, आणि त्यातूनच तिथलं प्रसिद्ध लोहखनिज सापडलं. बर्टने १८३६मध्येच सूर्यावरून दिशा काढणाऱ्या होकायंत्राचं पेटंट घेतलं होतं, त्यामुळे सुई बहकली तरी रेघ सरळ राहिली.

आणि पृथ्वी गोल आहे, त्याला कुणाचाच इलाज नाही. उत्तरेकडे जाणाऱ्या दोन रेघा हळूहळू जवळ येतात. ४० अंश अक्षांशावर सहा मैल रुंदीची टाउनशिप उत्तरेच्या कडेला सुमारे ४० फुटांनी अरुंद होते. मग खरे चौकोन पाडायचे कसे? तोडगा असा काढला की सगळी तूट टाउनशिपच्या उत्तर आणि पश्चिम कडेच्या सेक्शनांवर टाकायची. तिथले तुकडे १६० एकर भरत नाहीत, त्यांना वेगळे लॉट नंबर देतात. शिवाय काही टाउनशिपनंतर, पुढे हे अंतर २४ मैलांवर स्थिरावलं, एक दुरुस्ती रेषा ओढून मोजणी पुन्हा पूर्ण सहा मैलांनी सुरू करायची. त्या रेषेवर वरचे कोपरे खालच्या कोपऱ्यांना जुळत नाहीत. सेक्शनच्या बांधावरून नाकासमोर गेलेला रस्ता त्या ठिकाणी एकदम डावीकडे, मग लगेच उजवीकडे वळतो. सपाट माळावर ना ओढा ना टेकडी, तरी वळण.

कोपऱ्याची खूण हा सगळ्यात नाजूक भाग. जंगलात जवळची झाडं तासून त्यांवर नंबर कोरत आणि कोपऱ्यापासून त्यांची दिशा आणि अंतर लिहून ठेवत. गवताळ माळावर झाडच नाही. तिथे बाजूला खड्डे खणून मातीचा उंचवटा करायचा आणि खाली जळकं लाकूड, कोळसा किंवा दगड पुरायचा. खुंटी वणव्यात जळते, गुरं अंग घासून पाडतात, पण कोळसा कुजत नाही. आपल्या जुन्या स्मृतींमध्येही हद्दीखाली कोळसा, राख, खापऱ्या, भुसा पुरून ठेवायला सांगितलंय. दोन टोकांची माणसं एकाच युक्तीवर पोचली याचं मला फार अप्रूप वाटतं.

खोट मात्र मजुरीत होती. भूमापकाला मैलामागे ठेका मिळायचा. जितके मैल तितके डॉलर. त्यामुळे तंबूत बसून टिपणं लिहिण्याचा मोह मोठा. १८७०-८०च्या दशकांत कॅलिफोर्नियात जॉन बेन्सन याच्या टोळीने न केलेल्या मोजणीचे पैसे सरकारकडून उकळले. नकाशावर कोपरा होता, जागेवर काहीच नव्हतं. तिथे नंतर आलेल्या शेतकऱ्यांच्या वाट्याला बांधाची भांडणं आली. ठेक्याची ही पद्धत १९१०पर्यंत चालली.

ही जमीन 'रिकामी' नव्हती, हे इथेच सांगायला हवं. नेब्रास्काच्या आग्नेय भागात ओटो आणि मिसूरिया लोक मका पिकवत आणि वर्षातून ठरलेल्या वेळी पश्चिमेला गव्यांच्या शिकारीला जात. १८५४च्या तहाने त्यांच्याकडून जवळपास सगळी जमीन घेतली आणि बिग ब्लू नदीवर २५ मैल लांब, १० मैल रुंद पट्टा ठेवला. तोही पुढे तुकड्यातुकड्याने विकला गेला आणि १८८१मध्ये त्यांना आजच्या ओक्लाहोमात हलवलं. क्रम जवळपास सगळीकडे हाच: आधी तह, मग साखळी, मग विक्री. ज्या जमिनीवर शिकारीचा, चराईचा, वस्तीचा हक्क सगळ्यांचा मिळून होता, तिला साखळीच्या भाषेत शब्दच नव्हता. १८८७च्या डॉज कायद्याने तर राखीव जमिनीही याच मापाने तोडल्या: कुटुंबप्रमुखाला १६० एकर, एकट्या प्रौढाला ८०, अल्पवयीन मुलाला ४०, आणि उरलेलं 'जादा' म्हणून गोऱ्या वसाहतवाल्यांना खुलं. १८८७मध्ये मूळ रहिवाशांकडे सुमारे १३.८ कोटी एकर जमीन होती, १९३४पर्यंत ती ४.८ कोटी उरली.

होमस्टेड कायद्यावर, म्हणजे राहून कसणाऱ्याला जवळपास फुकट सरकारी जमीन देणाऱ्या कायद्यावर, लिंकनने सही केली २० मे १८६२ला, म्हणजे १७८५च्या ठरावाच्याच तारखेला. अर्जदार २१ वर्षांचा किंवा कुटुंबप्रमुख हवा, नागरिक किंवा नागरिकत्वाचा इरादा नोंदवलेला, आणि अमेरिकेविरुद्ध शस्त्र न उचललेला. लँड ऑफिसात अर्जाचे १० डॉलर आणि दलालीचे २. पाच वर्षं तिथेच राहून कसायचं, दोन साक्षीदार आणायचे, शेवटी ६ डॉलर भरायचे की सनद. एकूण १८ डॉलरमध्ये १६० एकर, म्हणजे आपले ६,४०० गुंठे. घाई असेल तर सहा महिन्यांनी एकरी सव्वा डॉलर, एकूण २०० डॉलर भरून मालकी घेता यायची. या सवलतीचा फायदा सट्टेबाजांनी आणि लाकूड कंपन्यांनी भाड्याची माणसं उभी करून भरपूर उठवला. रेल्वेला रुळाच्या दोन्ही बाजूंचे विषम नंबरचे सेक्शन दिलेले होते, आणि त्या पट्ट्यातल्या सम सेक्शनांत होमस्टेडवाल्याला सुरुवातीची बरीच वर्षं ८० एकरच मिळायचे. म्हणजे स्टेशनजवळची जमीन विकत आणि फुकटची लांब.

कायदा १ जानेवारी १८६३ला लागू झाला. पहिल्या अर्जदारांपैकी एक, ज्याला पुढे पहिल्या क्रमांकाची सनद मिळाली, तो डॅनियल फ्रीमन. त्याची जमीन नेब्रास्कात बिअॅट्रिसजवळ, पत्ता वर दिलाच आहे: सेक्शन २६, टाउनशिप ४ उत्तर, रेंज ५ पूर्व. पण पूर्ण पत्ता वाचा: वायव्य चौथाईचा दक्षिण अर्धा, वायव्य चौथाईची ईशान्य फोर्टी, आणि ईशान्य चौथाईची नैऋत्य फोर्टी. कागदावर काढून बघा. तीन फोर्टी एका ओळीत आणि मधल्या फोर्टीच्या डोक्यावर चौथी, उलट्या 'टी'चा आकार. सरळ चौकोन मिळत असताना माणूस असा वेडावाकडा तुकडा का मागेल? कारण तिथून कब क्रीक नावाचा ओढा वाहतो आणि त्याच्या काठाने झाडी आहे. फ्रीमनने ओढा आणि लाकूड उचललं, कोरडा माळ सोडला. आपल्याकडचा कुणीही शेतकरी हेच करेल. मळीची जमीन सोडून माळाचा चौकोन कोण घेतो?

फ्रीमनसारखे पहिले आले त्यांनी ओढे घेतले. मागून आलेल्यांना उरले शुद्ध चौकोन, लाकडाशिवाय आणि पाण्याशिवाय. त्याचा हिशोब मांडून बघा. क्वार्टरचा बांध दोन मैल. एक रॉडवर, म्हणजे साडेसोळा फुटांवर एक खांब धरला तर ६४० खांब, आणि झाड एकही नाही. १८७४मध्ये जोसेफ ग्लिडनला काटेरी तारेचं पेटंट मिळालं तेव्हा कुठे कुंपण परवडायला लागलं, तरी तीन पदरी कुंपणाला सहा मैल तार. नांगरट करायची तर १२ इंच रुंद तासाने एका एकराला सव्वाआठ मैल चालायचं. माळाच्या गवताची मुळं फार चिवट, त्यामुळे पहिली फोड दोन-तीन इंचच खोल आणि मे-जूनमध्ये, गवत जोरात असताना. तेव्हा उलटलेलं ढेकूळ उन्हाने आणि ओलीने कुजतं. खूप खोल घातलं किंवा उशीर केला तर मुळं मरत नाहीत, ढेकळं विटांसारखी पडून राहतात आणि पुढच्या वर्षी बी रुजत नाही. त्याच ढेकळांची घरं बांधत: फूटभर रुंद पट्ट्या फावड्याने तोडायच्या, गवताची बाजू खाली करून रचायच्या, भिंत दोन-तीन फूट जाड. घर उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार, पण पावसात छत गळायचं आणि पाऊस थांबल्यावरही दिवस दिवस ठिबकत राहायचं.

हे सगळं सोसूनही ओहायो, इलिनॉय, आयोवात १६० एकर पुरून उरत. तिथे पाऊस होता. शंभराव्या रेखांशाच्या आसपास वर्षाचा पाऊस २० इंचांच्या, म्हणजे ५०० मिलिमीटरच्या खाली जातो आणि तिथे चौकोन कोलमडतो. आपल्याला हे समजायला नकाशा लागत नाही. गगनबावड्याहून निघून शिरोळपर्यंत जा, एका जिल्ह्यात पाऊस कित्येक पटींनी कमी होतो. दोन्हीकडे एकर तेवढाच, पण बावड्याचा एकर आणि शिरोळचा एकर यांना कुणी एका मापात मोजत नाही. शिरोळची शेती उभी आहे ती कृष्णा-पंचगंगेच्या पाण्यावर आणि उपसा योजनांवर. अमेरिकेच्या कायद्याने मात्र आयोवाचा एकर आणि कोलोरॅडोचा एकर एकच धरला. चौकोनात नदी कुठून जाते हे रकान्यातच नव्हतं.

त्यात १८७०च्या दशकाच्या शेवटी आणि ८०च्या सुरुवातीला ओली वर्षं आली. जमीन नांगरली की पाऊस मागोमाग येतो, असा सिद्धांत पसरला. नेब्रास्काचे प्राध्यापक सॅम्युएल ऑघी यांनी त्याला शास्त्राचा आधार दिला, आणि १८८१मध्ये चार्ल्स डाना विल्बर याने त्याची घोषणाच करून टाकली. सरकारनेही १८७३च्या कायद्याने ४० एकरांवर झाडं लावली तर आणखी १६० एकर द्यायचं कबूल केलं. झाडं जगेनात म्हणून १८७८मध्ये अट १० एकरांवर आणली आणि १८९१मध्ये कायदाच गुंडाळला. १८७७च्या वाळवंटी जमीन कायद्यात ६४० एकर मिळायचे, तीन वर्षांत पाणी आणायच्या अटीवर. पाणी कुठून आणायचं हे कायद्यात नव्हतं. उंच माळावर विहीर दीडशे-दोनशे फूट जायची. एवढ्या खोलीवरचं पाणी पवनचक्कीने वर यायचं ते घराला आणि गुरांना पुरेल इतकंच, शेताला नाही. ८०च्या उत्तरार्धात आणि ९०च्या दशकात दुष्काळ पडला तेव्हा पश्चिम कॅन्सस आणि नेब्रास्कातून गाड्यांच्या रांगा उलट्या, पूर्वेकडे निघाल्या.

हे आधीच सांगणारा माणूस होता. जॉन वेस्ली पॉवेल, एक हात युद्धात गमावलेला, १८६९मध्ये कोलोरॅडो नदीतून होड्यांनी उतरलेला. १८७८च्या अहवालात त्याने स्पष्ट लिहिलं की कोरड्या भागात १६० एकर हे माप दोन्हीकडून चूक आहे. ओलिताच्या शेताला ८० एकर पुष्कळ, एका कुटुंबाच्या हाताला तेवढंच झेपतं. चराईच्या माळाला २,५६० एकर हवेत, म्हणजे चार सेक्शन. आणि हद्दी चौकोनी नकोत, प्रत्येक शेताचं तोंड पाण्याला लागेल अशा जमिनीच्या उतारानुसार हव्यात. पाण्याचा हक्क जमिनीला जोडलेला असावा आणि पाटाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांनी मिळून करावं.

मला या अहवालातली हद्दींची सूचना सगळ्यात जवळची वाटते, कारण आपल्या पोटहिश्श्यांचा आकार तोच आहे. भाऊ वाटण्या करतात तेव्हा शेत आडवं न तोडता लांब पट्टे पाडतात, म्हणजे प्रत्येकाचं एक टोक ओढ्याला किंवा पाटाला लागतं. विहिरीतला हिस्सा सातबाऱ्यावर वेगळा लिहितात आणि पाण्याच्या पाळ्या दिवसांनी ठरवतात. असे पट्टे कसायला गैरसोयीचे असतात, ट्रॅक्टर वळवता येत नाही, बांधात जमीन जाते. तरी कुणी चौकोन मागत नाही, कारण चौकोनात एकाला पाणी आणि दुसऱ्याला माळ येतो.

वॉशिंग्टनमध्ये पॉवेलचं ऐकलं गेलं नाही. मोठं माप म्हणजे गरिबाच्या तोंडचा घास काढून गुरांच्या मालकांना देणं, असा आरोप झाला. तो अगदीच निराधार नव्हता, पण तोपर्यंत गुरांच्या मालकांनी ओढ्यांकाठच्या फोर्टी आपल्या माणसांच्या नावावर घेऊन मागचा हजारो एकरांचा सरकारी माळ आपोआप ताब्यात ठेवला होता. पाणी ज्याचं, माळ त्याचा. चौकोनाच्या कायद्याने ज्याला अडवायचं म्हटलं, त्यालाच तो फळला. १८८८मध्ये पॉवेलच्या हाताखाली धरणांच्या जागांची मोजणी सुरू झाली, दोन वर्षांत तिचे पैसे बंद झाले.

पुढे मापं वाढत गेली, फार उशिरा. १९०४मध्ये पश्चिम नेब्रास्कात ६४० एकर, १९०९मध्ये इतर कोरड्या भागांत ३२०. १९०२मध्ये सरकारने स्वतः धरणं आणि कालवे बांधायचा कायदा केला. त्याच दशकात इकडे शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरीचं धरण हाती घेतलं होतं. अमेरिकेच्या त्या कायद्यात एका मालकाला जास्तीत जास्त किती जमिनीपुरतं पाणी द्यायचं याची मर्यादा घातली, आणि आकडा लिहिला तो १६० एकरांचाच.